येडशीला लागलेले लग्न आणि त्यावरून गेलेली सरहद्द

सोलापूर–धुळे महामार्गाचे चौपदरीकरण झाले तेव्हा आजच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाची साडेतीन एकर जमीन संपादनात गेली. मोबदल्याची नोटीस सातबाऱ्यावर नावे असलेल्या दोन भावांना निघाली आणि पंधरवडा उलटण्याच्या आत त्यांच्या दोन सावत्र बहिणींनी हरकत घेतली. हरकतीचा मजकूर असा होता की, वडिलांचे पहिले लग्न आमच्या आईशी झालेले होते, ती हयात असताना त्यांनी दुसरे लग्न केले, ते लग्न मुंबई प्रांताच्या १९४६ च्या द्विभार्या प्रतिबंधक कायद्याने मुळातच रद्दबातल होते, सबब त्या संबंधातून झालेले पुत्र वारस नाहीत. रक्कम अडकली, वाटपाचा वाद जिल्हा न्यायालयाकडे गेला आणि पाठोपाठ उरलेल्या जमिनीच्या वाटणीचा दावाही दाखल झाला.

मी भावांच्या बाजूच्या वकिलांच्या हाताखाली काम करत होते. ती हरकत वाचून आमच्या कार्यालयात आधी हसू आले, हे कबूल करायला हवे. ज्या कायद्याचा आधार घेतला होता तो १९५५ सालीच निरसित झालेला, आणि तो ज्या मुंबई प्रांताचा, त्याच्याशी आमच्या तालुक्याचा संबंध १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा जुळलेला. लग्न झाले ते निजामाच्या मुलखात. मग मुंबईचा कायदा इथे कसा चालेल, असा आमचा पहिला सवाल होता, आणि तो किती उथळ होता हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागले. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून या टिपणात नावे आणि गावे गाळली आहेत. दोन्ही स्त्रियांना, घरात सगळे म्हणत तसेच, थोरली आणि धाकटी म्हटले आहे.

घराची हकिगत थोडक्यात अशी. नवरा उस्मानाबाद तालुक्यातला, वडिलोपार्जित जमीन तिथलीच. थोरली बार्शी तालुक्यातली, पांगरीच्या बाजूची. तिचे माहेर आणि सासर यांत बैलगाडीने अर्ध्या दिवसाचे अंतर होते, पण मध्ये दोन सरकारांची हद्द होती. अलीकडे इंग्रजांचे राज्य, पलीकडे लोक म्हणत तशी ‘मोगलाई’. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली. अलीकडच्या कचेरीत मराठी आणि इंग्रजी, पलीकडे उर्दू. थोरलीला १९४६ पर्यंत दोन मुली झाल्या, मुलगा झाला नाही. १९४७ च्या पावसाळ्यानंतर रझाकारांचा उपद्रव वाढला तेव्हा सरहद्दीवरच्या शेकडो घरांनी केले तेच या घराने केले. गुरे आणि भांडी घेऊन ते बार्शीच्या बाजूला, थोरलीच्या माहेरी आले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य संपले, आणि नवरा आपल्या गावी परतला. थोरली मात्र माहेरी बरेच दिवस राहिली. का राहिली, याबद्दल दोन्ही बाजूंची सांगण्याची तऱ्हा वेगळी आहे. पुढे येडशीजवळच्या रामलिंगाच्या देवळात धाकटीशी लग्न झाले. तिला १९५१ नंतर दोन मुलगे झाले. नवरा १९८७ मध्ये वारला, थोरली १९९९ मध्ये, धाकटी २००६ मध्ये. नवऱ्याच्या मृत्यूनंतर वारसाचा फेरफार झाला त्यात फक्त मुलग्यांची नावे लागली. बहिणींनी हक्क सोडल्याचे तोंडी सांगितले गेले, पण नोंदणीकृत कागद एकही नव्हता.

सरहद्दीच्या दोन बाजूंचा कायदा

हिंदू विवाहाच्या कायद्याचा इतिहास सांगताना आपण १८ मे १९५५ ही तारीख सांगून मोकळे होतो. हिंदू विवाह कायदा त्या दिवशी लागू झाला आणि एकपत्नीत्व देशभर आले, एवढे खरे. पण त्याच कायद्याचे मूळ ३० वे कलम (ते १९६० मध्ये कायद्यातून वगळले गेले) उघडून पाहावे. त्यात निरसित केलेल्या कायद्यांची यादी आहे: मुंबईचा १९४६ चा द्विभार्या प्रतिबंधक कायदा, मुंबईचाच १९४७ चा घटस्फोटाचा कायदा, मद्रासचा १९४९ चा द्विभार्या प्रतिबंध व घटस्फोटाचा कायदा, सौराष्ट्राचे १९५० आणि १९५२ चे दोन कायदे. ही यादी म्हणजे एक नकाशाच आहे. कुठे सुधारणा आधी पोचली होती ते तिच्यात दिसते, आणि कुठे पोचली नव्हती तेही दिसते. हैदराबादचे नाव तिच्यात नाही. उस्मानाबाद, बीड, औरंगाबाद, परभणी आणि नांदेड या पाच जिल्ह्यांत हिंदू पुरुषाला १९५५ पर्यंत पहिली बायको असताना दुसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. त्याच वेळी पांगरीच्या शिवारात तोच माणूस तेच करता तर लग्न रद्दबातल ठरून त्याच्यावर खटला चालला असता.

आपल्या भोवतालच्या संस्थानांचे पाहिले तर सगळी संस्थाने मागासलेली आणि इंग्रजी मुलूख पुढारलेला, हा समजही टिकत नाही. बडोद्याने बालविवाह प्रतिबंधाचा कायदा १९०४ सालीच केला, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शारदा कायद्याच्या पंचवीस वर्षे आधी, आणि हिंदूंना घटस्फोटाचा हक्क १९३१ मध्ये दिला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाचा आणि काडीमोडीचा कायदा १९१९ मध्ये केला. पश्चिमेच्या मराठी संस्थानांत आणि उत्तरेला बडोद्यात काय चालले आहे हे मराठवाड्यातल्या शिकलेल्या माणसांना ठाऊक होते. पण निजामाच्या राज्यात हिंदूंच्या लग्नाला शास्त्र, रूढी आणि जातपंचायत यांच्यापलीकडे सरकारने फारसा हात लावला नाही.

हद्द ओलांडून कायदा चुकवण्याची युक्तीही जुनीच आहे. शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचे वय चौदा आणि मुलाचे अठरा ठरले, तेव्हा इंग्रजी मुलखातली वऱ्हाडे शेजारच्या संस्थानांत जाऊन लग्ने लावू लागली. १९३८ ची दुरुस्ती ब्रिटिश प्रजाजनांनी हद्दीबाहेर लावलेल्या लग्नांनाही कक्षेत घेते, ती यामुळेच. मुंबईचा १९४६ चा कायदा लिहिणाऱ्यांनी हा धडा घेतलेला दिसतो. त्या कायद्याच्या ४ थ्या कलमाचे दोन भाग आहेत. प्रांताच्या हद्दीत झालेले दुसरे लग्न रद्दबातल, हा पहिला. दुसरा भाग असा की, लग्न प्रांताबाहेर झाले तरी वधू आणि वर यांपैकी कोणा एकाचा किंवा दोघांचा अधिवास, म्हणजे कायद्याने धरलेले कायमचे घर, प्रांतात असेल तर तेही रद्दबातल. आम्ही हसलो होतो ते पहिला भाग डोक्यात ठेवून. बहिणींच्या वकिलांनी दुसरा भाग वाचला होता.

प्रांतापुरती सुधारणा करणे घटनेला धरून आहे का, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे नरसू आप्पा माळी यांच्या प्रकरणात १९५१ मध्ये आला. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते आणि ते टप्पे प्रदेशाचे असू शकतात किंवा समाजाचे असू शकतात, अशी छागला यांची मांडणी होती. या निकालाची आठवण आजवर बहुतेक वेळा ‘समाजाचे टप्पे’ या अंगाने, म्हणजे हिंदूंना वेगळा नियम आणि मुसलमानांना वेगळा का, या वादात काढली जाते. प्रदेशाच्या टप्प्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. येडशीच्या लग्नात मात्र सारा प्रश्न तोच होता, कारण ही माणसे दोन टप्प्यांच्या मधल्या पायरीवर उभी होती.

मोडीतली याद आणि एका वर्षाचा फरक

धाकटीच्या ट्रंकेत लग्नाची याद सापडली. पिवळा पडलेला, चौघडी घातलेला कागद. घडीच्या जागी चिरलेला आणि मागून पातळ कापड चिकटवलेला. मजकूर मोडीत होता. वर ‘श्रीरामलिंग प्रसन्न’, खाली मुक्काम येडशी, मग वैशाख वद्यातली तिथी आणि तिच्यापुढे ‘तीर १३५८ फसली’. त्याखाली देण्याघेण्याची यादी: शालू एक, पाटल्यांचा जोड, मानाच्या खणांची संख्या, आणि खर्चाच्या रकमा दोन ओळींत, एक हालीत आणि एक कलदारात. शक लिहिलेला नव्हता. कागद लिहिणारा कुलकर्णी सरकारी दप्तराला सरावलेला असावा, म्हणून त्याने वर्ष फसलीत, म्हणजे निजामाच्या महसुली सनात, घातले.

एका मोडी जाणकाराकडून आम्ही त्याचे लिप्यंतर करून घेतले. त्याने मराठी मजकूर चोख दिला आणि फसली सनात ५९० मिळवून कंसात १९४८ लिहिले. ती नक्कल माझ्या हाताखालून गेली आणि मी ती तशीच यादीसोबत दाखल केली. त्या एका आकड्याने बहिणींच्या बाजूला हवे ते मिळाले. मे १९४८ मध्ये नवरा बार्शी तालुक्यात राहत होता हे आम्हीच कैफियतीत मान्य केलेले होते. तो घर सोडून, गुरेढोरे घेऊन इंग्रजी मुलखात आला होता, तिथेच कायम राहण्याचा त्याचा मनोदय होता, म्हणजे त्याचा अधिवास मुंबई प्रांतातला होता, असा त्यांचा युक्तिवाद उभा राहिला.

तहसिलीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकदा दुसऱ्याच कामासाठी कार्यालयात आले होते. टेबलावरची नक्कल त्यांनी उलटी वाचली आणि म्हणाले, “ताई, तीर महिन्याला नव्वद कसे? आजूर, दै, बहमनला नव्वद. इस्फंदारपासून पुढे एक्क्याण्णव.” हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते. डिसेंबर संपेपर्यंत सनात ५९० मिळवायचे, जानेवारी उजाडला की ५९१. तीर हा महिना मेच्या सुमारास येतो. म्हणजे तीर १३५८ हा मे १९४९, मे १९४८ नव्हे. शाळेत शिकलेले नाही असे हे गणित मराठवाड्याच्या जुन्या दप्तरात पावलोपावली लागते. जहागिऱ्या रद्द करणारी नियमावली १३५८ फसलीची, आणि ती आली ऑगस्ट १९४९ मध्ये. तिच्याशी ताडून पाहिले असते तरी चूक लगेच सापडली असती.

आम्ही दुरुस्तीचा अर्ज दिला. समोरच्यांनी जोरदार विरोध केला, आणि तो स्वाभाविक होता. पण थोरल्या बहिणीच्या साक्षीतच एक गोष्ट आली जी सन १९४९ शी जुळत होती. तिचे वय तेव्हा पाचेक वर्षांचे. तिला आठवत होते ते एवढे: आईबरोबर पांगरीला बार्शी लाइटच्या गाडीत बसलो, येडशीला उतरलो, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायाने पेटी उघडायला लावली आणि वरचा शालू बाजूला करून खाली हात घातला, तेव्हा मामा त्याच्यावर ओरडले. मे १९४८ मध्ये, सरहद्दीवर रोज जाळपोळीच्या बातम्या येत असताना, लेकुरवाळी बाई पाच वर्षांची मुलगी घेऊन मोगलाईत लग्नाला जाणे संभवत नाही. आणि त्या आठवणीतून दुसरेही एक निघाले, जे सांगायला बाईंचा आवाज जड झाला: थोरली स्वतः त्या लग्नाला हजर होती, आणि धाकटीची ओटी तिनेच भरली.

थोरलीने संमती दिली म्हणून लग्न वैध, असा मुद्दा आमच्या अशिलांना मांडायचा होता. तो मांडण्यात अर्थ नव्हता. मुंबईच्या कायद्यात पहिल्या बायकोच्या संमतीने दुसरे लग्न वैध होत नसे आणि हैदराबादच्या बाजूला तिच्या संमतीची गरजच नसे. हद्दीच्या एका बाजूला तिचा होकार निरुपयोगी, दुसऱ्या बाजूला तिचा नकार निरुपयोगी. बार्शीच्या बाजूला तिला एक रस्ता होता. १९४६ च्या केंद्रीय कायद्याने नवऱ्याने दुसरे लग्न केल्यास हिंदू पत्नीला वेगळे राहून पोटगी मागता येत होती. १९५५ नंतर तर, नव्या कायद्याच्या १३ व्या कलमानुसार, नवऱ्याने आधीच दुसरी केलेली आहे एवढ्या कारणावर तिला घटस्फोटही मिळाला असता. तिने यातले काहीच केले नाही. १९५० च्या दिवाळीला ती सासरी आली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.

सन दुरुस्त झाले आणि आमची बाजू सावरली. मे १९४९ पर्यंत नवरा गावी परतला होता, त्याच्या नावे शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, १९५४ च्या खासरा पत्रकातही कब्जेदार म्हणून तोच होता. जिवाच्या भीतीने तात्पुरते परगावी गेलेल्या माणसाचा मूळ अधिवास सुटत नाही, हे तत्त्व जुने आहे. वराचा अधिवास हैदराबादचा, लग्नाची जागा हैदराबादची. मुंबईचा कायदा आता कुठून येणार, असे आम्हाला पुन्हा एकदा वाटले.

धाकटीचे माहेर

कलमातले शब्द ‘कोणा एकाचा किंवा दोघांचा’ असे आहेत, हे मी वर लिहिले. वराकडे आम्ही इतके बघत होतो की वधूकडे बघायचे राहिले. धाकटीचे माहेर आज धाराशिव जिल्ह्यात आहे. तिच्या भावांचे सातबारे इथले, मतदार यादी इथली, म्हणून ते गाव पूर्वीपासून मोगलाईतलेच, असे सगळ्यांनी धरून चालले होते, तिच्या स्वतःच्या मुलांनीसुद्धा.

बार्शी तालुक्याची काही गावे जुन्या तह-करारांमुळे चहूबाजूंनी निजामाच्या मुलखाने वेढलेली होती आणि निजामाचीही काही गावे तशीच इंग्रजी हद्दीत अडकलेली होती. पाण्यातल्या बेटांसारखी ही गावे. प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर, जानेवारी १९५० मध्ये, प्रांत आणि संस्थाने यांच्या अशा वेढलेल्या गावांची अदलाबदल करण्याचा आदेश निघाला आणि जे गाव ज्याच्या पोटात होते ते त्याला मिळाले. धाकटीचे माहेर त्या वेळी बार्शीतून निघून उस्मानाबादेत आले. बहिणींच्या वकिलांनी बार्शीच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना १४ ची, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्याची, १९३३ सालची नक्कल काढली. तिच्यात धाकटीच्या वडिलांचे नाव आणि ‘मुलगी’ अशी जन्माची नोंद होती.

म्हणजे मे १९४९ मध्ये धाकटी मुंबई प्रांताची रहिवासी होती. ती कायद्याने अज्ञान, म्हणजे वयात न आलेली, आणि अज्ञान मुलीचा अधिवास बापाचा. ती बोहल्यावर उभी राहिली त्या क्षणी तिच्यापुरता मुंबईचा कायदा लागू होता. आठ महिन्यांनी तिचे माहेर हैदराबादचे झाले. पण तोवर जे घडायचे ते घडून गेलेले होते, आणि गावाची अदलाबदल मागच्या तारखेने लागू होत नाही. रामलिंगाच्या दरीत लागलेले हे लग्न उस्मानाबादच्या कचेरीत त्या दिवशी वैध धरले गेले असते आणि बार्शीच्या कोर्टात त्याच दिवशी रद्दबातल. यावर आमच्याकडे प्रतिवाद होते. प्रांतिक विधिमंडळाला परक्या राज्यात झालेल्या लग्नावर हात टाकता येतो का, हा एक. लग्नाला सत्तर वर्षे होऊन गेल्यावर, दोन्ही स्त्रिया आणि नवरा वारल्यावर, समाजाने नवरा-बायको मानलेल्या जोडप्याच्या बाजूचे अनुमान मोडायला किती भक्कम पुरावा लागतो, हा दुसरा. पण मी हे प्रतिवाद लिहून काढत होते तेव्हाच मला ठाऊक होते की ते पुरे पडतील याची खात्री नाही.

माझे स्वतःचे मत इथे नोंदवते. मुंबईचा १९४६ चा कायदा चांगला कायदा होता. तो ज्या बाईच्या रक्षणासाठी लिहिला गेला ती थोरली होती, आणि तिला त्याचा कधीच उपयोग झाला नाही, कारण ती राहिली सासरी, आणि तो कायदा तिच्या माहेरचा. त्याचा भार पडला तो धाकटीवर, जिला लग्नाच्या वेळी सोळावे चालू होते, जिला कोणी विचारले नव्हते आणि जिचे माहेर नकाशात चुकीच्या रंगाचे होते. कायद्याने नवऱ्याला सात वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली होती. त्याला एक दिवसाचीही झाली नाही.

मलबारातून आलेला आधार

लग्न रद्दबातल ठरले तर मुलांचे काय, हा खरा व्यवहाराचा प्रश्न होता. हिंदू विवाह कायद्याचे १६ वे कलम, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, रद्दबातल विवाहातल्या मुलांना औरस ठरवते, मात्र त्यांचा हक्क आईबापांच्या मालमत्तेपुरता ठेवते. पण कलमाची भाषा अशी की ते ‘कलम ११ खाली रद्दबातल’ विवाहांबद्दल बोलते, आणि कलम ११ मध्ये येतात ती १९५५ नंतर लागलेली लग्ने. १९४९ चे लग्न रद्दबातल ते प्रांतिक कायद्याने, ११ व्या कलमाने नव्हे. शब्दाला शब्द लावून वाचले तर १९५६ मध्ये दुसरे लग्न करणाऱ्याची मुले औरस आणि १९४९ मध्ये करणाऱ्याची अनौरस, असा विचित्र अर्थ निघतो. बहिणींच्या वकिलांनी नेमका तोच अर्थ लावला होता.

इथे उत्तर मिळाले ते आणखी एका शेजारच्या मुलखातून. मलबारातल्या एका नायर कुटुंबाचे असेच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले होते. तिथेही दुसरे लग्न १९५५ च्या आधीचे, आणि रद्दबातल ते मद्रासच्या मरुमक्कत्तायम, म्हणजे मातृवंशीय वारशाच्या, कायद्याने. परयंकंडियाल प्रकरणाच्या १९९६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की दुरुस्त झालेले १६ वे कलम ११ व्या कलमापासून सुटे झाले आहे, आणि जुन्या प्रांतिक कायद्यांखाली रद्द ठरलेल्या लग्नांतील मुलांनाही त्याचा लाभ मिळतो. धाराशिवच्या भावांना वडिलांचे वारस ठरवणारा आधार अशा रीतीने मलबारातल्या मातृवंशीय घराण्याच्या भांडणातून आला. यापुढे मग वडिलोपार्जित जमिनीतला वडिलांचा हिस्सा अशा मुलांना मिळतो का, हा प्रश्न उरला होता. तो १ सप्टेंबर २०२३ रोजी रेवणसिद्दप्पा प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने सोडवला. मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असे कल्पून बापाच्या वाट्याला जे आले असते, त्यात या मुलांचा वाटा आहे. एकत्र कुटुंबाचे सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क असलेले भागीदार, मात्र ते होत नाहीत.

आता हिशेब मांडता येतो. लग्न वैध धरले तर दोन मुली आणि दोन मुलगे सगळे सहदायाद. मुली या सहदायाद ठरतात त्या मुलींना मुलग्यांइतका हक्क देणाऱ्या वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालाने, वडील १९८७ मध्येच वारले असले तरी. दोन्ही आयांचे हिस्से आपापल्या मुलांकडे जातात आणि शेवटी चौघांना चौथा-चौथा भाग येतो. लग्न रद्दबातल धरले तर सहदायाद तिघेच, बाप आणि दोन मुली. थोरलीचा पत्नी म्हणून वाटा धरला की चार भाग होतात. बापाच्या चौथ्या भागाचे थोरली, दोन मुली आणि दोन मुलगे असे पाच वाटे. दोन्ही भावांना मिळून साऱ्या जमिनीचा दहावा हिस्सा, उरलेले नऊ हिस्से बहिणींकडे. थोरलीचा वाटा धरावा की नाही यावर थोडे इकडेतिकडे होईल, पण निम्मे की दहावा, एवढे अंतर त्या एका बेटासारख्या गावाने पाडले. जी जमीन भावांनी पन्नास वर्षे कसली, विहीर पाडली, पाइपलाइन केली, तीच ही जमीन. आणि ज्या बहिणींना १९८७ च्या फेरफारात कोणी विचारले नाही, त्याच या बहिणी. हेही तितकेच लिहिले पाहिजे.

प्रकरण निकालापर्यंत गेले नाही. रेवणसिद्दप्पाच्या निकालानंतर दोन्ही बाजूंना आपापली कमाल आणि किमान कळली, आणि लोक अदालतीत बोलणे सुरू झाले. तिथे पहिल्या दिवशी भाव निम्म्यापासून आणि दहाव्यापासून सुरू झाला. तीन बैठकींनंतर ठरले ते असे: महामार्गाच्या मोबदल्याचे चार समान भाग, विहिरीची जमीन भावांकडे, रस्त्यालगतचे शेत बहिणींकडे. तडजोड पुरसीस, म्हणजे न्यायालयात द्यायचा तडजोडीचा लेख, लिहिताना आम्ही वकिलांनी एकमताने एक सावधपणा केला होता. लग्नाच्या वैधतेबद्दल काही लिहायचे नाही, म्हणून दोन्ही मृत स्त्रियांचा उल्लेख ‘वादींची आई’ आणि ‘प्रतिवादींची आई’ एवढाच ठेवला होता.

थोरली बहीण चष्मा लावून मसुदा वाचत बसली. वय ऐंशीच्या घरात, अंगठा नव्हे, सही करणारी. दुसऱ्या पानावर तिने बोट ठेवले आणि ‘आई’ या शब्दाच्या आधी दोन्ही ठिकाणी ‘मयताची पत्नी’ असे घालायला सांगितले. माझ्या वरिष्ठांनी तिला समजावले की तुमच्या दाव्याच्या दृष्टीने हे बरोबर नाही, तुमचाच मुद्दा त्याने पडतो. ती म्हणाली, “मुद्दा पडू द्या, साहेब. माझ्या आईने तिची ओटी भरली होती.” समोरच्या वकिलांनी खांदे उडवले. टंकलेखकाने दोन्ही जागी शब्द घातले, पानाचा क्रमांक बदलला, आणि चौघांनी सह्या केल्या.